बिनतालाची कॅसेट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्यात माझी साउंड सर्व्हिस होती. दोन कॅसेट डेक, एक मिक्सर, चार स्पीकर बॉक्स, आणि जोडीला भागीदार म्हणून एक चाचा. चाचा मूळचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे कारागीर. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे असूनही मला ते ‘भाऊ’च म्हणत.

मुंबईच्या एका मित्राने मला एक परदेशी कॅसेट दिली होती. तिच्यात गाणं नव्हतं, ताल नव्हता. नुसती सिंथेसायझरची खोल, काळोखी घुमघुम. विहिरीत वाकून हुंकार द्यावा, तशी. बायको तिला भुताची कॅसेट म्हणायची. मला मात्र ती ऐकताना फार निवांत वाटायचं, आणि ती लग्नात वाजवावी असं सारखं मनात यायचं.

चाळीसगावच्या एका हळदीत मी ती वाजवलीच. नाचाचं गाणं खाड्‌कन तोडून दुसरा डेक चालू केला. पोरं हात वर धरून तशीच उभी राहिली. नवरीचे काका धावत आले. "मशीन जळी गयं! मशीन जळी गयं!" असं ओरडत त्यांनी वायरच उपटली. चाचा हसून हसून खाली बसले.

परत येताना टेम्पोत ते म्हणाले, "भाऊ, कॅसेट खराब नाही. तुम्ही ती दगडासारखी फेकून मारली. आधी गाण्याचा बास, तो खालचा जाड आवाज, काढा, मग हिला खालून येऊ द्या. कोणाला कळलं नाही पाहिजे."

मग मी आठवडाभर घरी हेडफोन लावून सराव केला. घुमघुमीचा सूर गाण्याशी भांडायचा. डेकचा वेग केसभर कमी केला, तेव्हा कुठे दोन्ही सूर जुळले.

पुढचं लग्न साक्रीकडचं, गोरज मुहूर्ताचं. वरात मांडवाच्या दारात आली आणि तिथेच अडली. नवरदेवाचे मित्र नाचायचे थांबेनात. भटजी घड्याळ दाखवत होते. अशा वेळी आवाज बंद केला की हमखास भांडण व्हायचं. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

मी गाण्याचा बास हळूहळू काढला आणि मिक्सरवरची दुसऱ्या डेकची पट्टी जेमतेम वर सरकवली. घुमघुम गाण्याखाली शिरली. गाण्यातला ढोल पातळ झाला, मग गायिकेचा आवाज, मग काहीच नाही, नुसती ती घुमघुम. पोरांचे पाय आपोआप मंदावले. कुणी घाम पुसला, कुणी टोपी सरळ केली. नवरदेव घोड्यावरून उतरला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, आणि सगळे मांडवात गेले.

नवरीचे आजोबा, गावचे आबा, माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"हाई काय शे भाऊ?"

"आबा, परदेशी कॅसेट आहे."

"पोटमा गुरगुर करस," ते म्हणाले. "पन बेस शे. चालू राहू दे."

मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत मी ती मंद चालू ठेवली. नंतर आम्ही शेवटच्या पंगतीला बसलो. बट्टी कडक झाली होती, पण वांग्याची भाजी झकास होती. मी चार बट्ट्या खाल्ल्या.

त्यानंतर लोक ‘ती वरात थांबवायची कॅसेट आणा’ असं सांगून बोलवायला लागले. मी तिच्या दोन कॉप्या करून ठेवल्या. त्यातली एक चाचा "एकदा नीट ऐकून देतो" म्हणून घेऊन गेले, ती त्यांनी कधी परत केली नाही. दुपारी त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानावर गेलं की ते तारांना सोल्डरचे डाग देत बसलेले असत, आणि ती कॅसेट बारीक आवाजात चालू असे.