नांदगावला गेलेली आई

अमरावतीला मला एका विद्यार्थिनीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा घ्यायला जायचं होतं. मी नाशिकला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे असं जाणं अधूनमधून होतंच. या वेळी विद्यापीठाच्या विश्रामगृहाची दुरुस्ती चालू होती. राहायची सोय माझी मीच बघावी, असा तिथून फोन आला.

हॉटेल निवडायचं म्हटलं की मी दोन संध्याकाळी मोबाईलमध्ये घालवते. फोटोंवर माझा विश्वास नाही. फोटोत सगळ्या चादरी पांढऱ्या असतात. लोकांनी खाली काय लिहिलंय ते मी वाचते, त्यातही रागानं लिहिलेलं आधी. एका ठिकाणी लग्नाचा हॉल होता, म्हणजे बँड आलाच. एक महामार्गावर होतं, झाडंबिडं असलेलं, पण तिथून रिक्षा मिळायची मारामार. शेवटी राजकमल चौकाजवळचं एक साधं, चार मजली हॉटेल ठरवलं. लिफ्ट होती. बसस्टँड जवळ होता. कुणीतरी लिहिलं होतं, 'गरम पाणी खरंच येतं.' त्या 'खरंच'वर मी खोली घेतली.

काम झालं की अकोल्याला जाऊन आईला चकित करायचं, असा माझा बेत होता. वडील गेल्यापासून आई अकोल्याला दादाकडेच असते. पण निघायच्या आधी तिला सहज फोन केला तर म्हणाली, "मी नांदगावले चालली मावशीकडं. सोमवारी येतो वापस." माझी मावशी नांदगाव खंडेश्वरला असते, आणि आई वर्षातून दोनदा तिच्याकडे चार दिवस जाते. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हटलं, उत्तम. अमरावतीहून नांदगाव जवळच. तिकडेच जाऊन उभी राहीन. तिला काही बोलले नाही.

बडनेऱ्याला उतरून रिक्षानं हॉटेलवर पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. खोली लहान पण स्वच्छ होती. नळ सोडून पाहिला, पाणी खरंच गरम आलं. मी जेवून लवकर झोपले.

सकाळी नाश्त्याला खाली गेले. हॉल अर्धा भरलेला होता. औषध कंपन्यांची माणसं, नवरा-बायको आणि त्यांचं रडकं मूल, कोपऱ्यात मोबाईलवर जोरात बोलणारा एक कंत्राटदार. मी पोहे घेऊन जागा शोधत होते. खिडकीजवळच्या टेबलाशी दोन वयस्क बायका बसल्या होत्या. एकीचा चेहरा मला दिसत होता: गोरी, डोक्यावरून ओढणी घेतलेली, जाड भिंगांचा चष्मा. दुसरी पाठमोरी होती. फिकट निळा सलवार-कमीज, पांढरे केस, बारीकशी वेणी. ती संत्रं सोलत होती. एकेका फोडीचे पांढरे दोरे काढून, बिया काढून, ती फोड समोरचीच्या बशीत ठेवत होती.

लहानपणी दादाला आणि मला संत्री अशीच मिळायची. दोरे काढून, बिया काढून, बशीत. तो हात मी ओळखला, पण कपडे पाहून मनानं कबूल करेना. आमची आई आयुष्यभर सुती साडी नेसली. गाऊनसुद्धा तिनं कधी अंगाला लावला नाही. आणि तिच्या पुढ्यात अर्धं खाल्लेलं ऑम्लेट होतं. ज्या घरात दादानं एकदा लपवून अंडी आणली म्हणून तिनं दोन दिवस अबोला धरला होता, त्या घरातली ती.

वाढणारा माणूस त्यांच्याजवळ थांबला. "काकू, आणखी एक आणू? मिरची नाही घालत."

"नको रे बाप्पा, झालं," पाठमोरी बाई म्हणाली.

आवाज आईचाच होता.

मी टेबलापाशी गेले. हातातली पोह्यांची बशी टेबलावर ठेवली. आईनं वर पाहिलं. मला वाटलं ती दचकेल, उठेल, काहीतरी सांगायला लागेल. तिनं फक्त हातातली फोड बशीत ठेवली आणि ओढणीला बोटं पुसली.

"तू काहून आली इथं?" ती म्हणाली.

"मी? आई, तू नांदगावला आहेस."

"बस आधी. लोक पाहून राह्यले."

मी बसले. समोरच्या बाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या, त्यांचे डोळे भिंगांमागे मोठे दिसत होते. "ही तुही मुलगी ना?" त्यांनी आईला विचारलं. "नाक तुहंच आहे."

"माह्यी मैत्रीण," आई मला म्हणाली. "धारणीची."

धारणीची मैत्रीण मला ऐकून माहीत होती. लग्नाआधी आईची पहिली नोकरी धारणीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. दोन तरुण मास्तरणी एका खोलीत राहायच्या, दिवसाला एकच बस, पावसाळ्यात तीही नाही. ती दुसरी मास्तरीण मुसलमान होती आणि तिच्या हातचा शिरा काय असायचा, हे आम्ही लहानपणी ऐकलं होतं. पण त्या गोष्टी आजोबांच्या वेळच्या गोष्टींसारख्या संपलेल्या वाटायच्या. ती मैत्रीण अजून कुठेतरी आहे, बडनेऱ्याला रेल्वेतल्या मुलाजवळ राहते आणि आईबरोबर राजकमल चौकात नाश्ता करते, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"किती वर्षं चाललंय हे?" मी विचारलं.

"पोहे खा, थंडे होऊन राह्यले," आई म्हणाली.

"मावशीला माहीत आहे?"

"तिले माईत आहे का मी अमरावतीले राहतो. काहून राहतो थे नाई माईत."

तेवढ्यात मला न्यायला विद्यापीठाची गाडी आली. मी परीक्षा घेतली. त्या मुलीनं मेळघाटातल्या रानभाज्यांवर चांगलं काम केलं होतं, एवढंच मला आठवतं. मी तिला एकच प्रश्न दोनदा विचारला आणि तिनं बिचारीनं दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. माझ्या डोक्यात निळा सलवार-कमीज होता. आई खोटं बोलते, या एका गोष्टीभोवती मी दिवसभर फिरत होते. आमच्या घरात खोटं बोलायचे ते आम्ही, आणि पकडायची ती.

दुपारी परतले आणि थेट त्यांच्या खोलीचं दार वाजवलं. आई अंघोळीला गेली होती. दार मैत्रिणीनं उघडलं. खुर्चीत सुईदोरा, कात्री, कापसाचं पुडकं पसरलं होतं. मी पलंगाच्या काठावर बसले. उशीजवळ मऊ मलमलीची एक छोटी, गोल उशी पडली होती. ओंजळीत मावेल एवढी, एका बाजूनं फुगीर, टाके इतके बारीक की दिसू नयेत. मला वाटलं नातवंडासाठी काही खेळणं शिवतायत. मी ती उचलली.

"हे काय, खाला? बाहुलीची उशी का?"

त्यांनी न्हाणीघराकडे पाहिलं. न्हाणीघराचं दार उघडून आई बाहेर आली. खांद्यावर टॉवेल होता. माझ्या हातात ते पाहून ती जागीच उभी राहिली.

"सांग तिले," मैत्रीण म्हणाली. "आता सांगून टाक."

आई आली आणि माझ्या हातातून ती उशी घेतली, एखाद्या लहान मुलाच्या हातून धारदार वस्तू काढून घ्यावी तशी, हळूच. मग माझा हात धरून तिनं तो आपल्या छातीवर, डाव्या बाजूला ठेवला. ओल्या कापडाखाली सपाट होतं. बरगड्या लागल्या.

मी हात मागे घेतला. मला तो मागे घ्यायचा नव्हता, पण आपोआप मागे आला.

"कधी?" मी विचारलं.

"तुही धाकटी झाली तवा."

माझ्या धाकट्या मुलीच्या वेळी मला डॉक्टरांनी पलंगावरून उतरू दिलं नव्हतं. आई बाळंतपणाला येणार होती. मग तिचा फोन आला होता की नांदगावची मावशी पडली, पाय मोडला, तिच्याजवळ कोणी नाही. मावशीचा पाय कधी मोडलाच नव्हता. माझ्या बाळंतपणाला तिच्या बहिणीचा पाय आडवा आला म्हणून मी आईशी कितीतरी दिवस नीट बोलले नव्हते. त्या दिवसांत ती याच हॉटेलात होती. दवाखाना इथून चालत जाण्याइतका जवळ. टाके होते तोवर रोज पट्टी बदलायला जावं लागायचं.

"हॉटेलात? ऑपरेशन झाल्यावर हॉटेलात, आई?"

"मंग कुठं? अकोल्याले? थो दादा तुहा, त्यानं सारे सोयरे गोळा केले असते. रोज चार माणसं येऊन माह्याकडं पाहून रडली असती. मले रडणारी माणसं नाई पायजे होती."

"माह्या घरी नाई म्हणली," मैत्रीण म्हणाली. "दोन खोल्या, वरून जिना. अन् येणारंजाणारं. मंग आमी हॉटेलं पाह्यली. एकात लिफ्ट नव्हती. एकाचा संडास पाहून मीच पळाली. इथं मी पलंगावर झोपून पाह्यलं, नळ सोडून उभी राह्यली. गरम पाणी आलं, मंग म्हटलं हेच. खाली सांगतलं, माह्यी बहीण बिमार आहे, मऊ भात पायजे. त्या लोकांनी रोज देला."

"दवाखान्यात घरचं माणूस विचारलं असेल ना?"

"विचारलं ना. मी म्हटलं, मी आहे."

अंडी डॉक्टरांनी सांगितली होती. आधी तिनं डोळे मिटून औषधासारखी खाल्ली, मग तिला ती आवडायला लागली. सलवार-कमीज यासाठी की टाके असताना घट्ट ब्लाउजात हात घालता येत नव्हता, पुढून बटणांचा सैल कमीज चढवता यायचा; मग इथं आलं की तोच. आणि ती मलमलीची उशी मैत्रीण शिवते. कापूस बसला की नवी. बाजारात मिळतात त्या आईला जड वाटतात.

मी रडायला लागले. राग होता की काय होतं, मला कळत नव्हतं. "मला तरी सांगायचंस. मी मुलगी आहे तुझी."

"सांगतलं असतं तर तू पलंगावरून उठून आली असती," आई म्हणाली. "माईत आहे मले तू." तिनं मैत्रिणीकडे मान वळवली. "हिले सांगतलं कारण हिले रडता येत नाई."

"येते," मैत्रीण सुईत दोरा ओवत म्हणाली. "पण मी घरी जाऊन रडतो."

संध्याकाळी त्या दोघी मला गिला वडा खायला घेऊन गेल्या. त्यांचा ठरलेला गाडा होता. दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात, एका दिवसाचं काम, पण चार दिवस राहतात. मी विचारलं, आता बरी आहेस तर एकमेकींच्या घरी का भेटत नाही? आई म्हणाली, घरी भेटलं की एक चुलीपाशी जाते अन् दुसरी पाहुणी होते. बोलणं होतच नाही. इथं दोघींनाही कोणीतरी चहा आणून देतं. त्या खातखात बोलत होत्या, कुण्या हेडमास्तरच्या सायकलवरून हसत होत्या, आणि मी बाजूला उभी राहून तर्री ओतलेल्या वड्याची बशी हातात धरून होते. आई एवढी हसते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. सकाळपासून बसलेल्या धक्क्यांत हा धक्का वेगळाच होता. तो मला सहन झाला नाही, मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मी एक दिवस सुट्टी वाढवून घेतली. तिघी पायीच गेलो. बाकावर बसलो. आईचं नाव पुकारलं तेव्हा नर्सनं विचारलं, "आजीसोबत कोण येतंय आत?"

मी उठले. त्याच वेळी मैत्रीणही उठली, मग माझ्याकडे पाहून ओढणी सावरत पुन्हा बसली. "तू जा, बेटा," ती म्हणाली. "तुहा हक आहे."

आईनं आम्हा दोघींकडे पाहिलं. मग माझ्या हातात आपली पिशवी दिली.

"तू बस," ती मला म्हणाली. "हिले सारं माईत आहे." आणि त्या दोघी आत गेल्या. दार लागलं.

मी त्या दाराकडे पाहत बसले. नंतर त्या बाहेर आल्या, सगळं ठीक होतं, डॉक्टरांनी सहा महिन्यांनी बोलावलं. आई नांदगावच्या बसमध्ये बसली, कारण मावशीकडे एक दिवस तरी खरोखर जायला हवं होतं. मैत्रीण बडनेऱ्याच्या रिक्षात बसली. मी हॉटेलवर जाऊन सामान बांधलं, आणि नाशिकला पोचेपर्यंत गाडीत एक अक्षर वाचू शकले नाही.

दादाला मी काही बोलले नाही. आईनंच सांगितलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे जेवायला बसलेले असताना, जणू कैरी महाग झाल्याचं सांगतेय अशा सुरात. वहिनीचा मला फोन आला तेव्हा ती हुंदके देत होती. दादा ताटावरून उठून गेला होता. माझ्यावर त्याचा जास्त राग होता, मला आधी कळलं म्हणून. पुढे बरेच दिवस तो कुणाशीच धड बोलला नाही. मावशीशी तर नाहीच.

मग तपासणीचे दिवस आले तेव्हा त्यानंच गाडी काढली. आईला अकोल्याहून अमरावतीला घेऊन गेला, राजकमल चौकात हॉटेलसमोर उतरवलं, बॅग दारापर्यंत नेली. मैत्रीण आधीच येऊन आत सोफ्यावर बसलेली होती. दादा मला नंतर म्हणाला, "मी म्हटलं तिले, मी थांबतो. खाली एक खोली घेतो." मी विचारलं, मग?

"नाई म्हणे. म्हणे, तू जाय, रस्त्यानं हळू जाय, सूनबाईले सांग दूध तापवून ठेवजो."  मग दादा म्हणाला, तो लगेच निघाला नाही. गाडीतच बसून राहिला. काचेतून त्या दोघी लिफ्टपाशी उभ्या असलेल्या दिसत होत्या. आईनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.