ओली रेघ

टर्पेंटाइनचा वास आला की नांदेडचं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. हदगावात दुकानांच्या पाट्या रंगवणारे माझे अब्बा मला चित्रं काढायचा टॅबलेट घेऊन द्यायला आले होते. समोर दोन ठेवलेले, आणि माझं काही केल्या ठरेना. शेवटी अब्बांनीच रंगाचे डाग पडलेल्या बोटांत ते पेन धरलं आणि श्वास रोखून पाटीवर काढतात तसा मोठा 'क' काढला. पहिल्यावर रेघ अडखळली. दुसऱ्यावर मात्र हात दाबला तशी ती झोकात जाड होत गेली. दुकानदार काचेवर बोट ठेवणार, तोच अब्बा ओरडले, "हात लावू नका, ओलं हाय अजून!" मग सगळ्यांत जास्त तेच हसले. ज्यानं अब्बांना फसवलं, तोच मी घेतला. आजही त्यावर रेघ ओढली की तळवा जरा उचलूनच धरते.