नववी ब आणि उद्याच्या नोकऱ्या

शिक्षकाकडे किस्से साठतात ते स्टाफरूममध्ये डबा खाताना सांगण्यापुरते, असं मला वाटायचं. यंदा शाळेनं मला ‘एआय आणि करिअर’ हा तास दिला आणि साठा फारच वाढला. बंगळुरातल्या जे. पी. नगरातली शाळा, नववी ब. विषय असा, की पुस्तक छापून येईपर्यंत जुना होतो.

*

पहिल्या तासाला विचारलं, “एआयमुळे कुठली कामं जातील?”

पुढच्या बाकावरची शरण्या शांतपणे म्हणाली, “मिस, तुमचं.”

“मग तू शाळेत कशाला येशील?”

“मैत्रिणी इथंच असतात ना.”

*

गृहपाठ दिला: घरी विचारून या, एआयमुळे तुमच्या कामात काय बदललं? आदित्यचे बाबा आयटीत. तो काहीच घेऊन आला नाही.

“विचारलंस का?”

“विचारलं, मिस. आई म्हणाली, हा प्रश्न सध्या घरात काढायचा नाही.”

तो गृहपाठ मी पुन्हा कुठल्याच वर्गाला दिला नाही.

*

पालकसभेचं भाषण आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी एआयकडून लिहून घेतलं. छान झालं, टाळ्याही पडल्या. मग एक आजोबा उठले. “सगळं सरी, ठीक आहे, मॅडम. पण माझ्या नातवानं शिकायचं काय?”

“स्वल्प, जरा थांबा हं,” म्हणत मॅडमनी फोन काढला.

*

पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मुलांना नेलं. तिथं सुटे भाग आता कॅमेरा तपासतो. त्याला शंका येईल तेवढेच तिथल्या जुन्या तपासनीस मंजुळाअक्कांच्या टेबलावर येतात.

“आधी सगळे तुम्हीच बघायच्या?” एका मुलीनं विचारलं.

“आम्ही सहा जणी. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे. आता बरं आहे.”

“आणि बाकीच्या पाच जणी?”

अक्कांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाले, “चला मुलांनो, बदाम मिल्क घ्या.”



*

भूमिका बोलताना अडखळते, म्हणून वर्गात सहसा बोलतच नाही. मुलाखतीच्या सरावाचं एक एआय ॲप आणलं, तर त्याच्याशी मात्र ती तासभर बोलत बसली.

“आवडलं?” मी विचारलं.

“ते माझं वा... वाक्य पुरं करत नाही.”

वर्षाअखेरीस मुलांच्या खऱ्याखुऱ्या मुलाखती ठेवल्या. घ्यायला पालक, ऐकायला सगळा हॉल. भूमिकानं स्वतःहून नाव दिलं.

“मोठेपणी काय व्हायचंय?” समोरच्या गृहस्थांनी विचारलं.

“अ... अ...”

“ॲक्टर?”

“नाही.”

“आर्किटेक्ट?”

“थांबा, सर.”

ते थांबले. हॉलही थांबला. मागे कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, तेही थांबलं.

“अनाउन्सर. मे... मेट्रोतली.”

गृहस्थ चांगले होते. समजावत म्हणाले, “अगं, पण ते काम आता मशीन करतं. एकदाही अडखळत नाही.”

“माहितीये,” भूमिका म्हणाली. “म... म्हणून तर कुणी ऐकत नाही.”