डाव्या दारातली ढोलकी

परभणीहून बोरीच्या शाळेवर शिकवायला मी बाबांच्याच जुन्या गाडीनं जाते. बाबा तहसीलमधून क्लार्क म्हणून निवृत्त झाले. पूर्वी ते अधूनमधून माझ्यासोबत यायचे, कारण बोरीत त्यांचा एक मित्र आहे. दोघं दिवसभर बोलत बसायचे. मग बाबांचा उजवा कान गेला. ते डावीकडं बसणार, मी उजवीकडून बोलणार आणि माझा एक शब्द त्यांना ऐकू येणार नाही. कानाचं मशीन घ्यायला तयार नव्हते. "मी काय म्हातारा झालो का?" म्हणायचे. शेवटी सोबत येणंच बंद केलं.

गाडीतला टेप कधीचाच बंद पडला होता आणि मागचे दोन स्पीकर नुसते खरखरायचे. दिवाळीच्या सुट्टीत परभणीतच नवा सेट बसवायला मी गाडी नेली. बाबा आलेच. मेकॅनिकनं दाराचं पॅनल काढायला घेतलं तसे ते खुर्चीवरून उठले.

"दाराला भोक पाडायचं न्हाई."

"काका, जागा आधीच ठेवलेली हाय. हे बघा."

आत खरंच गोल रिकामी जागा होती. बाबांनी कडेनं बोट फिरवून खात्री केली, मगच बसले. आवाज डाव्या दाराकडं जास्त ठेवायला मी मेकॅनिकला हळूच सांगितलं.

शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी आग्रह करून त्यांना सोबत नेलं आणि जयंतीच्या कार्यक्रमांतली जुनी गाणी लावली. तरुणपणी बाबा गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, हे मला आईनंच सांगितलेलं. वाटेत झरी गावाच्या पुढं ते एकदम म्हणाले, "ढोलकी हाय की ह्याच्यात."

हेच गाणं घरी मोबाइलवर त्यांनी कितीदा तरी ऐकलं होतं. आता त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली.

"थांबव. परत लाव. इथं ढोलकीवाला लय पुढं पळायलाय."

मी गाडी कडेला घेतली. तोच तुकडा तीनदा ऐकला. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी समोर रस्त्याकडं बघत राहिले.

"एवढं सगळं सुटायलंय मला," ते म्हणाले. बोरी जवळ आल्यावर स्वतःच बोलले, "त्या मशीनचं बघ बरं."

आता उजव्या कानात मशीन आहे आणि दर आठवड्याला मित्राकडं फेरी असते. गिअर अडकला की मी पुटपुटते, तेही त्यांना ऐकू जातं.

"गाडीला बोलू नको," म्हणतात. "वय झालंय तिचं."