उदारामभाऊंच्या पोटातला गोळा

ज्या घरात दुखणं शिरतं तिथं औषधाच्या बाटल्यांच्या आधी किस्से साठतात. शेजारच्या उदारामभाऊंच्या पोटात गोळा लागला, त्या वर्षी गोंदियात आमच्या मोहल्ल्याला दुसरा विषयच नव्हता. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. सगळं ऐकू यायचं. नाही आलं, तर मी जाऊन विचारायची!

*

भेटायला येणारा प्रत्येक जण आधी गोळा दाबून बघे, मग चहा घेई. कुणी म्हणे लिंबाएवढा, कुणी म्हणे बेलाएवढा. मीही दाबला, खोटं कशाला बोलू? शेवटी त्यांच्या पत्नी पारबताबाई दारातच सांगू लागल्या, "आजचा दाबून झाला. तुमी चहाच घ्या!"

*

गावच्या डॉक्टरांना वाटलं, यकृतात पू झाला असेल. त्यांनी लांब सुई घातली. पारबताबाई पू धरायला मोठा पितळी गंज घेऊन उभ्या. आलं काय? चार थेंब रक्त!

भाऊच म्हणाले, "काऊन डाक्टर, विहीर कोरडी लागली का?"

डॉक्टर हसले नाहीत. नागपूरच्या सर्जनला चिठ्ठी लिहायला बसले.

*

नागपूरला मीही सोबत गेले. सर्जन म्हणाले, "कॅन्सर दिसतो. एरवी तो दुसरीकडून यकृतात येतो. पण सगळं तपासलं, दुसरीकडे कुठं नाही. हा यकृतातच उपजलाय. फार क्वचित दिसतो."

पारबताबाईंनी विचारलं, "क्वचित म्हणजे चांगलं का वाईट?"

सर्जननी मागं उभ्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं. "यांच्यासाठी चांगलं," ते म्हणाले.

*

सर्जननी सांगितलं, गोळा नाही कापला, तर काही महिनेच. कापला, तर रक्त आवरेल याची खात्री नाही. सोबत आलेले भाऊंचे थोरले बंधू म्हणाले, "घरी चाल."

भाऊंच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधलेले. भाऊंनी सर्जनला विचारलं, "रक्ताचा पाट आधी बांधता, का आधी कापता?"

"आधी बांधतो."

"मंग करा. आमीबी पाणी अडवल्याबिगर तलावाच्या पाळीले हात लावत नाई!"

आणि सही केली.

*

निभावलं. सहा महिन्यांनी दाखवायला गेलो. सर्जन पोट चाचपत विद्यार्थ्यांना सांगत होते, "कापलेलं यकृत पुन्हा वाढतं."

भाऊ उठून बसले. "मंग तो गोळाबी वाढंल?"

सर्जननी हात काढून घेतला.

"ते मला माहीत नाही, उदाराम. दर सहा महिन्यांनी येत जा."

भाऊंनी सर्जनच्या पिकल्या केसांकडे पाहिलं. सावकाश सदऱ्याची बटणं लावली.

"येतो ना. पण मंग तुमीबी जित्ते राहा!"