मामाच्या दारातल्या अक्षता

माझ्या मित्राच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं बापाकडं एकच हट्ट धरला. दागिना कमी करा, मंडप लहान घाला, पण माझ्या पाठीशी मामाच उभा राहिला पाहिजे. आमच्याकडं मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागं मामा उभा राहतो, तेव्हा मागणी काही जगावेगळी नव्हती. अडचण एवढीच, की मित्रानं या मामाचं तोंड कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पोर लहान असतानाच तिची आई आजारात गेली आणि वर्ष भरायच्या आत मित्रानं दुसरं लग्न केलं. घरात लेकरू आणि चूल थंड, त्याचाही इलाज नव्हता. पण धाकट्या मेहुण्याच्या, म्हणजे पोरीच्या या मामाच्या, ते जिव्हारी लागलं. तो भांडला नाही, फक्त यायचा बंद झाला. दर दिवाळीला भाचीचे कपडे मात्र कुणाच्या तरी हाती न चुकता यायचे.

असल्या घरी फोनवर बोलावणं करत नाहीत, अक्षता घेऊन दारात उभं राहावं लागतं. मित्राला एकट्याला जायची छाती होईना, म्हणून आम्ही दोघं सोबत निघालो. एक मी, दुसरा आमचा किराणा दुकानवाला, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप बसलं नाही. पूर्वी आम्ही तिघं एकाच मोटारसायकलवर दाटीवाटीनं बसून याच वाटेनं मित्रासाठी मुलगी बघायला, याच मेहुण्याच्या घरी गेलो होतो. आता एका गाडीवर तिघं मावण्यासारखी आमची पोटं राहिली नाहीत. दुकानवाला माझ्या मागं बसला आणि मित्र त्याच्या जुन्या गाडीवर पुढं. पत्रिका त्याच्या खिशात होती. हळदीत रंगवलेल्या अक्षतांची नायलॉनची पिशवी त्यानं स्वतःच्या हातानं गाडीला बांधली, कुणाला शिवू दिली नाही.

वारंगा फाट्यावर चहा घेतला. मित्रानं कप हातात धरून गार केला.

"त्यानं उठून जा म्हणलं तर?" तो म्हणाला.

"तर उठून येऊ," दुकानवाला म्हणाला. "पण भजे खाऊन. उपाशी अपमान मला सोसत न्हाई."

डोंगरकडा गावाच्या बाजूला मोठा रस्ता सोडला आणि डोंगराला लागलो. पुढं डांबर संपलं, गिट्टी सुरू झाली. चढावर मित्राची गाडी धापा टाकत होती. उतारावर पळस फुलले होते आणि कुठल्याशा शेतातून हळद शिजवल्याचा उग्र वास येत होता. खिंडीत मित्र थांबला. मुलगी बघायला आलो तेव्हा याच जागी त्यानं खिशातला कंगवा काढून भांग पाडला होता. आज डोक्यावर भांग पाडण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, तरी त्यानं हात फिरवला. मला हसू आलं.

गावात शिरलो तर मेहुणा खळ्यावरच भेटला. शिजवलेली हळद पसरत होता, मनगटापर्यंत हात पिवळे. आम्हाला बघून त्यानं हात झटकले.

"या पावणे," तो म्हणाला.

सख्खा मेहुणा, एके काळी दाजी, दाजी करत मागं फिरणारा, आणि आता पावणे. मित्राचा चेहरा उतरला. मेहुण्याच्या बायकोनं बाज टाकली, पाणी दिलं.  पाणी पिऊन मित्र उठला आणि पिशवी सोडायला गाडीकडं गेला. तो तिथंच वाकलेला राहिला, म्हणून मी जवळ गेलो. गिट्टीवरच्या हादऱ्यांनी पिशवी सरकून सायलेन्सरला टेकली होती. तिचा तळ वितळून गेला होता. आत एक दाणा नव्हता.

"नुसती पत्रिका कशी देऊ रे?" तो पुटपुटला.  अक्षतेशिवाय कागद पुढं करायचा, तोही या माणसाला, या दारात.

"काय झालं?" मेहुण्यानं तिकडून विचारलं.

दुकानवाला गप्प बसला असता तर तो दुकानवाला कसला. "काही न्हाई," तो म्हणाला. "फाट्यापासून रस्त्यानं साऱ्या पाखरांना आवतण देत आलो. मामाचंच तेवढं राह्यलं."

मला वाटलं, संपलं आता. मेहुणा उठून गाडीजवळ आला. त्यानं ती जळकी पिशवी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, मग मित्राकडं बघितलं.

"एवढे दिवस काहून आले न्हाईत?"

"तोंड नव्हतं," मित्र म्हणाला. "आजबी न्हाई. पोरीनं धाडलं. तुझ्याशिवाय उभी राहत न्हाई म्हणती."

मेहुणा घरात गेला. बाहेर आला तो ताटलीत तांदूळ आणि वर घरची हळद घेऊन. बाजेवर बसून त्यानं पाण्याचा हात लावला आणि तांदूळ दोन्ही तळव्यांनी हळूहळू चोळायला लागला. आम्ही उभ्यानं बघत होतो. त्याची मान खाली होती, पण डोळे वाहत होते. मग ताटली त्यानं मित्रापुढं धरली.

"द्या आता," तो म्हणाला, आणि स्वतःची पिवळी ओंजळ पुढं केली.

मित्रानं ओंजळीत अक्षता घातल्या, त्यातले निम्मे दाणे खाली पडले. मी सरळ रडलो. दुकानवाला तोंड फिरवून डोंगर बघत होता.

भजी मिळाली, जेवणही झालं. निघताना मेहुण्यानं उरलेल्या अक्षता रुमालात बांधून दिल्या. "बाकीच्या घरीबी याच वाटा, दाजी," तो म्हणाला. "अन् पोरीला सांगा, आदल्या दिशीच येऊन राहतो."

परतीला मित्रानं ते गाठोडं शर्टाच्या आत, छातीशी ठेवलं आणि एक हात त्यावर धरून गाडी हाकायला लागला. खिंडीच्या उतारावर आम्ही मागून ओरडत होतो, दोन्ही हातांनी हँडल धर म्हणून. त्यानं काही ऐकलं नाही.