बाबांचं माप

बोरिवलीच्या वाण्याकडे खडेमिठाचं पोतं दिसलं आणि गावातली आमच्या घराण्याची समाधीची जागा आठवली. आम्ही गोसावी, आमच्यात माणसाला मांडी घालून बसवतात, भोवती मीठ भरून पुरतात. पणजोबांच्या दगडाशेजारी बाबा एकदा तसेच बसले आणि म्हणाले, "टेप धर. खड्डा कमी पडला तर मान मोडतील रे माझी."

"आणि जास्त झाला तर?"

"तर पाय पसरीन!"

जमिनीपासून डोक्यापर्यंत दोन फूट नऊ इंच भरले. आम्ही दोघंही हसलो.

बाबा गेले ते इथल्या दवाखान्यात. गाव अकरा तासांवर, मी चार रात्रींचा जागा. "इथेच उरकू," असं मीच म्हणालो. विद्युतदाहिनीत त्यांना आडवं ठेवलं. माप कुणी विचारलंच नाही.